न भरणारी टाकी

उंडीवाडीत लवू गवंड्याच्या हाताला मान होता. मालवणच्या दक्षिणेला, समुद्र आणि भाताचा मळा यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावर ही बासष्ट घरे एकमेकांना खेटून उभी होती. निम्मी होडीवाल्यांची, निम्मी शेती करणाऱ्यांची आणि ज्यांचे कोणी ना कोणी मुंबईला नोकरीवर आहे अशांची. पिण्याच्या पाण्याला अकरा विहिरी. २००१ सालापर्यंत जवळजवळ प्रत्येक परसात संडास झाला होता आणि संडासाच्या मागे जमिनीत मैल्याची टाकी. वाडीत तिला सगळे सेफ्टी टाकी म्हणत. या टाक्यांपैकी त्रेचाळीस एकट्या लवूने बांधल्या होत्या.

"दुसऱ्याची टाकी पाच वर्सांत तोंडाक येता," माणसे सांगत. "लवूची टाकी भरणाच नाय."

ते खोटे नव्हते. लवूची टाकी एकदा झाकली की झाकली. तिचे झाकण पुन्हा उचलायची, नाकाला फडके बांधून उपसा करायची वेळ कुणावर आली नाही. त्यामुळे पलीकडच्या गावांतूनही त्याला बोलावणे येई. त्यामागे काही जादू नव्हती. चारही बाजूंना चिऱ्याच्या भिंती लवू मन लावून बांधी, आतून गिलावा असा गुळगुळीत करी की हात फिरवत राहावे. तळाला मात्र तो काहीच घालत नसे. चार दगड पसरायचे, खाली वाळू. टाकीत पडलेले सगळे वाळूत जिरून जाई. यात काही लपवाछपवी होती असे त्याला कधी वाटले नाही. जमीनच जर गिळून टाकते, तर आपण कशाला आडवे यायचे, एवढाच त्याचा हिशेब होता.

आणि या टाक्यांनी वाडीला जे दिले, तेही थोडेथोडके नव्हते. पहिला संडास त्याने बांधला तो काशीबाईचा. काशीबाई बाजारात मासळी विकणारी, तरुणपणीच नवरा गेलेली बाई. तेव्हा वाडीतल्या बाया उजाडायच्या आत किनाऱ्यामागच्या केवड्याच्या बनात जात. पावसाळ्यात एकदा काशीबाई तिथे घसरून पडली, मनगट मोडले आणि दिवस वर येईपर्यंत तशीच चिखलात पडून राहिली, कारण हाक मारावी तर पुरुषमाणूस धावून येईल ही लाज. हात बरा झाल्यावर ती लवूच्या दारात आली.

"लवू, माका चार भिंती बांधून दी. देवळासारख्यो नको. पण कडी आतसून लागाक होयी."

लवूने बांधून दिल्या. मग एकेक घर येत गेले. बाया त्याला वाटेत भेटल्या की डोक्यावरची पाटी सावरून थांबत, बरे बोलत. लवूला या कामाचा अभिमान होता आणि तो अस्थानी होता असे कोणी म्हणू शकले नसते.

लवूचा एकुलता मुलगा प्रीतम. तो यांत्रिक होडीवर जाई. २००० साली त्याचे लग्न झाले आणि वेंगुर्ल्याची विनीता सून म्हणून घरात आली. लग्नाआधी ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. बियांच्या तेलाने काळवंडलेली तिची बोटे उजळायला वर्ष लागले. लवूची बायको सुशीला मितभाषी, प्रीतम दिवसचे दिवस समुद्रावर. घरात बोलणारी अशी विनीताच. सासऱ्यापाशी तिचे विशेष जमले. कामाच्या जागी ती चहा घेऊन यायची आणि मग तिथेच घटकाभर उभी राहायची. ओळंबा कसा धरायचा, चिऱ्याचा कोन कसा साधायचा, सगळे तिला हवे असे. लवूला मुलगी नव्हती. तो रंगात येऊन सांगत बसे.

शेजारच्या बाबूची टाकी बांधताना तिने आत डोकावून पाहिले.

"बाबा, हिका तळ नाय?"

"कित्याक होयो? म्हणान तर भरणा नाय."

"मगे ता पाणी जाता खंय?"

"वाळयेक इचार," लवू हसून म्हणाला आणि तीही हसली.

२००२ सालच्या भाद्रपदात, गणपती पोचवून चार-सहा दिवस झाले असतील, वाडीत कावीळ शिरली. आधी दोन शाळकरी मुले, मग एक होडीवाला, मग एकाच घरातली तिघे. पंधरा-वीस दिवसांत सतरा माणसे पिवळी पडली. विनीताला सातवा महिना होता. एका सकाळी सुशीलाने तिला उजेडात उभी केली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि पाल्याचा रस देणाऱ्या बाईकडे घेऊन गेली. तीन दिवस रस झाला. बाकीच्यांना त्याने, किंवा नुसत्या विश्रांतीने, उतार पडत होता. विनीताला पडला नाही. चौथ्या दिवशी ती बोलताना शब्द विसरू लागली. सुशीलाला तिने 'आये' म्हणून हाक मारली आणि वेंगुर्ल्याच्या घरातली कुठली तरी पेटी उघडायला सांगितली.

प्रीतम समुद्रावर होता. लवूने रिक्षा केली आणि सुनेचे डोके मांडीवर घेऊन तिला जिल्ह्याच्या इस्पितळात नेले. डॉक्टर तरुण होता. त्याने सगळे पाहिले, मग लवूला बाजूला घेतले.

"ही कावीळ पाण्यातून येते," तो म्हणाला. "एरवी माणूस बरा होतो. पण पोटुशी बाईला ती फार वाईट. आम्ही प्रयत्न करतो आहोत."

दुसऱ्या दिवशी पोटातले मूल गेले. तिसऱ्या दिवशी प्रीतम बंदरावर उतरून तसाच, अंगावरच्या खाऱ्या कपड्यांनिशी धावत आला. विनीताने त्याला ओळखले नाही. चौथ्या दिवशी ती गेली. तेवीस वर्षांची होती.

दिवसकार्य उरकल्यावर आरोग्य उपकेंद्रातली नर्स सुगंधा लवूकडे आली. ती वाडीतल्या प्रत्येक घरात जाणारी, औषधाच्या गोळ्या वाटणारी, सगळ्यांना नावाने ओळखणारी बाई. तिने साथीच्या दिवसांत विहिरींचे पाणी बाटल्यांत भरून तपासायला पाठवले होते.

"लवूदादा, रिपोर्ट इलो. अकरा बावींतल्यो नऊ खराब आसत. तुमचीपण."

"खराब म्हणजे?"

"संडासाची घाण पाण्यात मिळता."

लवूचा आवाज चढला. "माज्या टाकयेच्यो भिंती बघ येवन! सुई जावची नाय आतसून."

"भिंतींचा मी कायच म्हणणंय नाय," सुगंधा हळूच म्हणाली. मग तिने पिशवीतून एक पुडी काढून दिली. आत हिरव्या रंगाची पूड होती. "ही संडासात वोता. विषारी नाय. आठ दिवस बावीकडे लक्ष ठेवा. काय दिसला नाय तर माका येवन गाळी घाला."

तिला खोटे पाडायचे म्हणून लवूने त्याच दुपारी पुडी संडासात ओतली आणि वर चार बादल्या पाणी टाकले. त्याच्या स्वतःच्या घराची टाकी विहिरीपासून तीस पावलांवर होती. मधे तीन माड, केळीचे एक आळे, बाकी सगळी वाळू.

पाचव्या दिवशी सकाळी सुशीला पाणी काढायला गेली आणि तिथूनच म्हणाली, "अवो, हंय येवा."

लवू गेला. कळशीतले पाणी भाताच्या कोवळ्या तरव्याच्या रंगाचे झाले होते. सुशीलाने दुसरी कळशी काढली, तिसरी काढली. लवू विहिरीच्या काठावर बसला.  तिने तिन्ही कळश्या माडाच्या मुळात ओतल्या, राजू, म्हणजे पाणी काढायचा दोर, विहिरीवरून सोडवला आणि गुंडाळून घरात नेऊन ठेवला. त्या दिवसापासून ती वरच्या पाणंदीतल्या विहिरीवरून पाणी आणू लागली आणि तेही उकळल्याशिवाय तोंडाला लावीना.

प्रीतमला कळायचे राहिले नाही. संध्याकाळी तो पडवीत बापासमोर येऊन उभा राहिला.

"बाबा, तुमका म्हायत होता?"

लवूला खोटे सांगता आले असते. कावीळ कुठल्या विहिरीतून आली, कुणाच्या टाकीतून आली, हे कोणीच सिद्ध करू शकले नसते.

"तळ नाय, ता माका म्हायत होता," तो म्हणाला. "पाणी खंय जाता, ता मी कधी इचारलंय नाय. विनीतान इचारल्यान. मी हसलंय."

 प्रीतम आत गेला. आठवड्याभरात तो रत्नागिरीच्या होड्यांवर कामाला लागला आणि तिकडेच राहिला. आईला चिठ्ठी येई. बापाच्या नावे त्यात ओळ नसे.

लवूने टाक्यांची कामे घेणे बंद केले. भिंती, चौथरे, तुळशीवृंदावने बांधी, पण कोणी संडासाचे काढले की नाही म्हणे. आपल्या घरची टाकी त्याने उपसून घेतली, तिला जाड तळ घातला, वरून गिलावा केला. आषाढात ती तुडुंब भरली आणि झाकणाच्या कडेने काळे पाणी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊ लागले. पावसाळ्यात त्या वाळूत दोन हात खणले की पाणी लागते. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला जिरायला जागाच नसते. उपसा करणारी गाडी बोलवावी तर तिचा नळ वाडीच्या आतल्या घरांपर्यंत पोचेना. तळ घातलेली टाकी घरात घाण आणते आणि बिनतळाची टाकी विहिरीत. लवू दोन पावसाळे या कोड्यात अडकून पडला. चांगल्या कामाने ते सुटत नव्हते आणि चांगल्या कामापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हते.

२००५ साली सुगंधाच्या खटपटीने यतीन नावाचा एक इंजिनियर वाडीत आला. पुण्याकडचा, तिशीतला, उन्हाने नाक सोललेला. तो चार दिवस वाडीभर हिंडला आणि पंचायतीच्या सभेत त्याने फळ्यावर आकृती काढून दाखवली. घरोघरच्या टाक्या बुजवायच्या. प्रत्येक संडासाचा पाइप पाणंदीतल्या एका मोठ्या पाइपला जोडायचा. तो पाइप जमिनीखालून ढाळ धरून मागच्या मळ्याकडे जाईल. तिथे सगळ्या वाडीची एकच पक्की टाकी, आणि तिच्यातून निथळलेले पाणी कर्दळीच्या वाफ्यांतून जाऊन साफ होईल.

"पण सगळी घरे आली पाहिजेत," यतीन म्हणाला. "दहा घरे जरी बाहेर राहिली तरी विहिरी तशाच राहतील."

बाबू उठला. बाबू म्हणजे लवूचा शेजारी, दोन होड्यांचा मालक. "आमच्यो टाक्यो लवूच्या हातच्यो. वीस वर्सां झाली, एक भरूक नाय. मगे रस्ते खणून गटार कित्याक? सगळ्यांची घाण आमच्या दारावरसून जातली!"

माना डोलल्या. अनेकांनी बाबूचीच री ओढली आणि प्रत्येकाच्या तोंडी लवूच्या टाकीचे नाव होते. लवू मागच्या बाकावर बसला होता. सुशीला बायांच्या बाजूला होती. त्याने तिच्याकडे पाहिले. ती जमिनीकडे पाहत होती. तो उठला.

"बाबू, तुजी टाकी कित्याक भरणा नाय, ता सांगू? तिका तळ नाय."

पुढच्या बाकांवरच्यांनी वळून पाहिले.

"तुज्या एकट्याचीच नाय. त्रेचाळीस टाक्यांक तळ नाय. मी घातलंयच नाय. सगळा वाळयेत जाता आणि वाळू ता आमच्या बावींक देता. माज्या सुनेन ताच पाणी पिल्यान."

"म्हणजे तू आमका फसवलंस?" कोणीतरी ओरडले.

"फसवूक नाय," लवू म्हणाला. "पण इचारपण केलंय नाय. दोनांत फरक आसा काय नाय, ता तुमी ठरवा. टाक्यो खंय आसत, किती खोल आसत, पाइप खंयसून गेले, ता माका पाठ आसा. बुजवूची झाली तर मी दाखवतंय. फुडचा तुमच्या हातात."

त्या दिवशी काहीच ठरले नाही. घरी येताना वाटेत भेटलेल्या दोघांनी त्याच्याकडे पाहून पाठ फिरवली. बाबूने महिनाभर बोलणे टाकले. पण बाबूच्याही घरात त्या साथीत दोघे आजारी पडले होते. एके दिवशी त्याने सुगंधाकडून तीच हिरवी पुडी मागून घेतली आणि पंधरा दिवसांनी पंचायतीत जाऊन सही केली. मग पुड्यांची मागणी वाढली. कोणाला सांगावे लागले नाही.

मळ्याकडच्या मोठ्या टाकीला जागा हवी होती. सखल जमिनीचा सोयीचा तुकडा, शेताची एक कोपरी, लवूचाच होता. त्यात घरापुरते भात होई. लवू विषय कसा काढावा या विचारात असताना सुशीलाच म्हणाली, "ती कोपरी देवन टाका. भात खंयपण मिळता."

अडले ते काशीबाईपाशी. पाइपाला ढाळ मिळायचा तर तो तिच्या खळ्यातून, तुळशीच्या शेजारून न्यावा लागणार होता. यतीन दोनदा जाऊन आला. तिने त्याला पाणी दिले, खुर्ची दिली आणि नाही म्हणून सांगितले. शेवटी लवू गेला. काशीबाई आता सत्तरीपार झाली होती. मोडलेले मनगट वाकडेच राहिले होते.

"तुजा पाप धुवूक माजा खळा होया तुका?" ती म्हणाली.

"होय, काशीबाय."

असे सरळ उत्तर येईल असे तिला वाटले नव्हते. 

"माका कडी लावूक दिलंस म्हणान इतकी वर्सां मी रोज तुका आशीर्वाद देत इलंय. ते आता परत घेव?"

 लवू हात जोडून बाहेर पडला.

दहा-बारा दिवसांनी काशीबाईची भाची तुळसा निरोप घेऊन आली. "मावशीन सांगल्यान हा, पाइप जावंदेत. पण तुळशीपासून दोन हात लांब. आणि ठेकेदाराची माणसां नकोत, लवूनच खणूचा."

लवू तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. त्याने एकट्याने नऊ दिवस ते खळे खणले. काशीबाई रोज पडवीत बसून पाही. दुपारी तुळसा उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या खणलेल्या मातीवर आणून ठेवी. पुढे २००९ साली काशीबाई गेली, तोवर ती लवूशी पुन्हा कधी बोलली नाही. आशीर्वाद परत घेतले की नाही, हे त्याला कळले नाही.

गटाराचे काम २००६ च्या दिवाळीनंतर सुरू झाले आणि दोन उन्हाळे चालले. लवू रोज तिथे असे. घाटावरून आलेला मुकादम त्याला आधी म्हातारा म्हणून चहा देई, मग वैतागू लागला. कारण लवू गवंड्याची पातळी मोजायची जुनी पाणीभरली नळी घेऊन प्रत्येक सांधा तपासून पाही. मळ्याच्या तोंडाशी अकरा पाइप उलट्या ढाळाने पडलेले त्याने शोधून काढले.

"अहो, दोन बोटांचा फरक आहे," मुकादम म्हणाला. "माती पडली की जमिनीखाली कोण बघतोय?"

"मी पण ह्याच म्हणत होतंय," लवू म्हणाला आणि चरात उतरून पाइपावर बसला. अकराही पाइप काढून पुन्हा टाकेपर्यंत तो वर आला नाही.

मोठ्या टाकीचा तळ त्याने स्वतः केला. तीन थर दिले, टाकी पाण्याने भरली, पाण्याच्या रेघेवर पेन्सिलीने खूण केली आणि सात दिवस रोज सकाळी जाऊन खूण पाहिली. पाणी हलले नाही. सातव्या दिवशी त्याने यतीनला बोलावून दाखवले, तेव्हा यतीनने वाकून टाकीच्या काठाला हात लावला, म्हणजे जवळजवळ नमस्कारच केला. लवूला ते आवडले नाही.

जुन्या टाक्या बुजवणे हे सगळ्यांत कठीण काम. बंद टाकीत वायू साठतो आणि उतरलेला माणूस वर येत नाही, हे लवूने ऐकले होते. त्याने एकच नियम केला: झाकण काढून टाकी दिवसभर उघडी ठेवायची आणि आत कोणीही, कसल्याही कारणाने, उतरायचे नाही. लांब नळ जोडून जोडून वरूनच उपसा, मग चुना, मग वाळू. प्रत्येक टाकीच्या तोंडाशी तो स्वतः उभा राहिला. उपसा झाला की घरातली माणसे वाकून आत बघत. गुळगुळीत भिंती तशाच शाबूत आणि खाली कोळशासारखी काळी पडलेली वाळू. बहुतेक जण काही बोलत नसत. लवूला वाटे, कोणीतरी दोन शिव्या द्याव्यात.

२००८ च्या मे महिन्यात त्याच्या स्वतःच्या टाकीची पाळी आली. त्याच्या आदल्या दिवशी प्रीतम आला. आईने चिठ्ठी पाठवली होती. पाच वर्षांत केस विरळ झाले होते. तो आला, जेवला आणि सकाळी बाप फावडे घेऊन वाळू ओढत होता तिथे जाऊन त्याने दुसरे फावडे उचलले. दोघांनी दुपारपर्यंत टाकी भरली. बोलणे झाले ते कामापुरते, "थांब" आणि "हंय टाक" एवढेच. परत जाताना मात्र त्याने आईच्या पाया पडून झाल्यावर बापाच्याही पायांना हात लावला. पुढच्या चिठ्ठीत शेवटी एक ओळ होती: बाबांनी उन्हात काम करू नये.

विहिरी लगेच सुधारल्या नाहीत. इतक्या वर्षांचे वाळूत मुरलेले होते. पहिल्या पावसाळ्यानंतर सुगंधाने बाटल्या पाठवल्या तेव्हा अकरांतल्या पाचच चांगल्या निघाल्या. दुसऱ्या वर्षी नऊ. २०१० च्या जानेवारीत सगळ्या अकरा. ती कागद घेऊन घरी आली. सुशीलाने तो कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला, लवूकडे दिला आणि पाणी उकळायला ठेवायला आत गेली.

त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "वाडयेक सांगलास. विनीताच्या आयेक सांगूक नाय तुमी."

लवूने घास खाली ठेवला. गेली सात वर्षे तो वेंगुर्ल्याला गेला नव्हता. तिथे सगळ्यांना एवढेच ठाऊक होते, की कावीळ झाली आणि पोर गेली.

तो दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने निघाला. विनीताची आई सुभद्रा परसात बसून काजूच्या बिया फोडत होती. व्याह्याला पाहून तिने पदर सावरला आणि उठू लागली. लवूने तिला बसायला सांगितले आणि आपणही समोर जमिनीवर बसला. त्याने पहिल्यापासून सांगितले: तळ न घातलेल्या टाक्या, विनीताने विचारलेला प्रश्न, हिरवे पाणी. स्वतःची बाजू घ्यावीशी वाटण्याच्या जागा आल्या. तिथे तो थांबला आणि पुढे गेला.

सुभद्राचा हात कधी थांबला ते तिलाही कळले नसावे.

"सात वर्सां मी देवाक दोष दिलंय," ती अखेर म्हणाली. "सांगलंस ता बरा केलंस, असा मी म्हणूचंय नाय."

"नको म्हणा," लवू म्हणाला.

ती पुन्हा बिया फोडू लागली. चार-पाच बिया झाल्या. मग खाली पाहतच म्हणाली, "आमच्या मागल्या दारची टाकीपण कधी भरणा नाय."

लवूने मान वर केली. "कोणी बांधल्यान?"

"माका काय म्हायत? घोवान बांधून घेतल्यान होती." तिने परसातल्या विहिरीकडे पाहिले. विहिरीवर तिच्या मुलाची दोन लहानगी पोरे बादलीशी खेळत होती. "बगतंस?"

लवूने सदरा काढून कुंपणाच्या वईवर टाकला आणि पहार मागितली. सुभद्राने ती आणून दिली. त्याने झाकणाच्या कडेची माती मोकळी केली, सगळा जोर लावून झाकण बाजूला सरकवले आणि लगेच मागे झाला.

"लांब ऱ्हवा," तो म्हणाला. "पोरांकपण घेवा. आतली हवा जावंदे. तासभर तरी जावंक होयो."

सुभद्राने पोरांना हाका मारून घरात पाठवले. दोघे उघड्या टाकीपासून बरेच अंतर ठेवून, फणसाच्या सावलीत जाऊन बसली.  मग सुभद्राने विनीताच्या लहानपणीचे काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि लवू ऐकत राहिला.